कडेकडून आत

आमच्या घरी वाकळ शिवायची म्हणजे आधी सोपा रिकामा करायचा. सारवलेल्या जमिनीवर जुनं नऊवारी लुगडं ताणून अंथरायचं, त्यावर दुसरं, मध्ये धोतराचे आणि फाटक्या चादरींचे तुकडे, आणि सगळ्यांत वर त्यातल्या त्यात धड राहिलेलं इरकली. चारी कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवायचं आणि मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना बांधून टाकायचे. आज्जीचा दंडक ठरलेला होता : सुई मधोमध टोचायची आणि कडेकडं जायचं. मधून निघालं की कापडातला झोळ पुढं पुढं सरकत कडेला जातो, तिथं तो दुमडून टाकता येतो. कडेकडून आत आलं तर सगळा झोळ पोटात अडकतो आणि वाकळ फुगते. ठिगळं, रंगीत तुकडे, आईनं हौसेनं लावलेला खणाचा चौकोन, हे सगळं त्यानंतरचं. आधी वाकळ, मग तिला नटवणं.

लग्न होऊन कोल्हापूरला आले तर इथंही हीच रीत. त्यामुळं गोधडी अशीच शिवतात, दुसरी तऱ्हा असूच शकत नाही, असं मी धरून चालले होते.

साठी ओलांडल्यावर मी एक अशी गोधडी शिवायला शिकले, जी एका कोपऱ्यावर सुरू होते, कडेकडेनं फिरत आत येते आणि मधोमध संपते. तिला कच्चे टाके घालावे लागत नाहीत. वेगळी मगजी लावावी लागत नाही. तिचं नाव कवंदी, आणि ती सिद्दी बायकांची. ज्या मावशीनं मला ती शिकवली तिचं देणं माझ्याकडं आहे. ते एका टाक्यापुरतं नाही, माझ्या वडिलांच्या दुकानापासून ते चालत आलंय. तिच्या हयातीत आणि माझ्या हयातीत ते कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

माझं माहेर हल्याळ. गाव कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, पण पेठेतली निम्मी बोलणी मराठीत चालतात. एका अंगाला धारवाड, दुसऱ्या अंगाला खानापूर-बेळगाव, आणि खाली दांडेली-यल्लापूरचं रान. त्या रानात, वाड्यावाड्यांतून सिद्दी राहतात.

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला जंजिरा आठवतो. मुरूडसमोरचा तो कधी न पडलेला किल्ला, शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी त्यासाठी केलेली शर्थ. फार तर मलिक अंबर आठवतो, खडकी वसवणारा, निजामशाहीचा कारभार पेलणारा. आफ्रिकेतून आलेली माणसं शाळेच्या पुस्तकात आपल्याला एवढीच भेटतात, आणि तीही तलवार घेतलेली. आमच्या रानातल्या सिद्द्यांच्या वाट्याला किल्लाही आला नाही आणि आरमारही नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मोझांबिकच्या बाजूनं, माणसं विकत आणून गोव्यात उतरवली. पोर्तुगीज मुलखात गुलामगिरी कायद्यानं उठली ती १८६९ मध्ये. त्या साऱ्या काळात ज्यांना निसटता आलं ते घाट चढून वर आले आणि जिथं कुणी शोधायला येणार नाही अशा दाट झाडीत राहिले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत त्यांची घरं आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. घरात बोलतात ती भाषा कोंकणीच्या वळणाची, मराठी आणि कन्नड मिसळलेली. आम्हाला ती न शिकता कळायची. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या सुपारीच्या बागांत आणि भाताच्या शेतात राबले. अनुसूचित जमातीत त्यांचं नाव लागायला २००३ साल उजाडलं. कर्नाटकाच्या विधान परिषदेत पहिला सिद्दी माणूस, शांताराम सिद्दी, जाऊन बसला तो २०२० मध्ये.

यातलं काहीही मला लहानपणी ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होती ती बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसणारी एक बाई. आम्ही पोरं तिला सिद्दीण म्हणायचो, तिच्या तोंडावरसुद्धा. मावशी ती पुष्कळ नंतर झाली.

वडील टेलर. दुकानात एक पायमशीन, कापड कापायचा लांब फळा, कोळशाची इस्त्री आणि फळ्याखाली कात्रणांचा ढीग. त्या ढिगाला वाटा ठरलेल्या होत्या. जरा मोठा तुकडा असेल तर आई उचलायची. त्याची खिशाची अस्तरं व्हायची, उशांचे अभ्रे व्हायचे, आम्हा बहिणींच्या फ्रॉकच्या झालरी व्हायच्या. बाकीचं पोत्यात. पोतं भरलं की पिंजाऱ्याकडं, नाहीतर बंबात. पण त्यातलं एक गाठोडं वडील वेगळं ठेवायचे, आणि ते या बाईचं असायचं.

ती आली की गाठोडं पायरीवर सोडायची आणि एकेक तुकडा हातात घ्यायची. दोन्ही चिमटींत धरून एकदा ताणायची. उन्हाकडं धरून विणीतून पाहायची. मांजरपाट, पॉपलीन, खादी, छापील चीट एका बाजूला, टेरिकॉट दुसऱ्या बाजूला. टेरिकॉट ती नेत नसे. ज्या काळात गावातला प्रत्येक तरुण टेरिकॉटच्या पँटसाठी जीव टाकत होता, त्या काळात एक बाई ते फुकट मिळत असताना परत ठेवते याचं मला फार नवल वाटायचं. वडील एकदा म्हणाले, "तिला कापडातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं." वडिलांच्या तोंडून दुसऱ्या कारागिराची अशी तारीफ मी क्वचितच ऐकली.

पैशाचं बोलणं कधी झालं नाही. जाताना ती पायरीवर काहीतरी ठेवून जायची : उन्हाळ्यात करवंदं, कधी शिकेकाई, कधी केळीच्या पानात बांधलेला मध. ते कात्रणांचं मोल होतं की नुसतीच भेट, हे दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

आणखी एक लिहायला हवं. ती नेहमी पायरीवरच बसायची. दुकानात गिऱ्हाइकांसाठी बाकडं होतं, पावसाळ्यात पायरीवर वळचणीचं पाणी गळायचं, तरी ती तिथंच, डोक्यावर खोळ घेऊन. वडिलांनी तिला "आत ये" म्हटल्याचं मला आठवत नाही. तिनंही कधी उंबरा ओलांडला नाही. वडील सरळ मनाचे होते, कुणाला टाकून बोलले नाहीत, आणि तरीही हे असंच होतं. सगळ्या पेठेत असंच होतं. वडिलांवर माझा जीव आहे, आणि ती गळकी पायरीही मला तितकीच लख्ख आठवते.

मग रेडिमेड कपडे आले. वडिलांचं काम ओसरलं, शाळांचे गणवेश आणि बायकांची पोलकी तेवढी राहिली. काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. टेलरचा उजवा हात म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. दुकानाची फळी बंद झाली. ते मागल्या खोलीत पडून असायचे, बोलणं अडखळत, आणि कुणी भेटायला आलं की भिंतीकडं तोंड करायचे.

तेव्हा मी माहेरी होते. थंडीचे दिवस. दुपारी दारात ती उभी राहिली, डोक्यावर मोठी घडी. दुकान बंद का म्हणून बाजारात विचारलं असणार. या खेपेला ती पायरीवर थांबली नाही. उंबरा ओलांडून, सोपा ओलांडून, सरळ मागल्या खोलीत गेली आणि डोक्यावरची घडी वडिलांच्या अंगावर पसरली.

"मास्तर, तुमचंच कापड हाय."

कवंदी मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. तांबडा, पिवळा, निळा, काळा, कुठं फुलाफुलांचा, कुठं चट्ट्यापट्ट्यांचा, असे लहानमोठे तुकडे एकमेकांना खेटून बसलेले, आणि त्या सगळ्यांवरून चाललेल्या पांढऱ्या टाक्यांच्या ओळी, लावणीच्या शेतातल्या रोपांच्या ओळींसारख्या, जवळजवळ आणि न चुकता शेजारच्या ओळीला धरून. एका कोपऱ्याजवळ तुकड्यांचाच एक लहान क्रूस, मावशी ख्रिस्ती. मुसलमान सिद्दी बायका कधी चंद्रकोर घालतात.

वडिलांनी डावा हात वर काढला आणि एका लाल तुकड्यावर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, "बँड." लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्यांचे कोट त्यांनी शिवले होते, ते लाल. मग बोट पुढं सरकलं. "तलाठी." मग, "चर्च." चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांचे पांढरे झगे. मग एक निळा चौकडा, तिथं ते थांबले आणि माझ्याकडं पाहिलं. माझा शाळेचा फ्रॉक. झटका आल्यापासून एवढं सलग ते काही बोलले नव्हते. त्या दुपारी गावातली किती माणसं त्यांनी त्या पांघरुणावरून ओळखली. मावशी पायाशी बसून होती, आणि त्यांना एखादा तुकडा लागला नाही तर तो कधीचा ते ती सांगत होती : "तो गणपतीच्या आदल्या बाजारचा." "तो तुमी बोट कापून घेतलासा त्या दिवशीचा." आम्ही ज्याला कात्रण म्हणत होतो त्यातल्या प्रत्येकाचा दिवस तिच्याकडं होता.

पुढं जितकं जगले तितकं ते त्याच पांघरुणाखाली निजले. भेटायला येणाऱ्यांकडं पाठ फिरवणं थांबलं. कुणी आलं की त्याच्या घरातला तुकडा शोधून दाखवायचे. ते गेल्यावर अंथरूण-पांघरूण रीतीप्रमाणं देऊन टाकलं. कवंदी आईनं दिली नाही.

आईच्या माघारी ती माझ्याकडं आली. तेव्हा मी तिच्याकडं वाकळ शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं पाहू लागले. कच्च्या टाक्यांच्या खुणा शोधल्या, मिळाल्या नाहीत. मधला पहिला टाका शोधला, तोही सापडेना. मग कोपऱ्यावरच्या टाक्यावर बोट ठेवून दोऱ्याच्या मागं मागं निघाले. एक फेरा, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. बोट फिरत फिरत मधल्या एका लहानशा तांबड्या चौकोनावर येऊन थांबलं आणि दोरा तिथंच संपला. आज्जीनं जी गोष्ट करूच नको म्हणून बजावलं होतं तीच इथं पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत केलेली होती, आणि एवढी वर्षं अंगावर घेऊन, धुऊनही कुठं फुगा नव्हता.

भाताची मळणी उरकल्यावर मी मावशीच्या गावी गेले. एसटीनं जाऊन पुढं रानातून चालत. ती अंगणात ऊन खात बसली होती. मी शिकायला आले म्हटल्यावर तिनं कारण विचारलं नाही. "बस," म्हणाली. मी टेलरची मुलगी, पिशवीत कात्री, टेप, खडू सगळं घेऊन गेले होते. तिनं त्यातली सुई आणि दोरा घेतला, आणि पिशवी बाजूला ठेवली.

कवंदीला तळ लागतो तो एका जुन्या साडीचा. हवी तेवढी घडी करून घ्यायची. थंडी जास्त तर घड्या जास्त. चारी कडा आत दुमडायच्या. मग एका कोपऱ्यावर पहिला तुकडा ठेवायचा, त्याच्या बाहेरच्या कडाही आत दुमडून, तळाच्या कडेला नेमक्या भिडवून. दोन दुमडी तोंडाला तोंड लावून बसल्या की धावदोरा घालत निघायचं. तळ, मधले थर, वरचा तुकडा, सगळं एकाच टाक्यात. म्हणूनच वेगळी मगजी नको. कड पहिल्या फेऱ्यातच बंद झालेली असते. पहिला तुकडा संपत आला की दुसरा घ्यायचा आणि त्याची उघडी कड पहिल्याच्या पोटाखाली सरकवायची. पहिल्याची ती बाजू दुमडलेली असतेच. टाका तसाच पुढं. असा एक फेरा पुरा झाला की आत वळायचं, करंगळीच्या पेराएवढंही अंतर न सोडता, आणि दुसरी ओळ. तुकड्याची आतली बाजू मात्र उघडीच ठेवायची. पुढच्या फेऱ्यात येणारा तुकडा आपली दुमडलेली कड तिच्यावर ठेवतो आणि ती झाकून टाकतो. प्रत्येक फेरा आधीच्याचं उघडं अंग झाकतो आणि आपलं उघडं अंग पुढच्याच्या भरवशावर सोडतो. मधला शेवटचा तेवढा चारी बाजूंनी दुमडावा लागतो.

मी तुकडे मापानं कापावेत म्हणून हात पुढं केला तर मावशी म्हणाली, "कापू नको. फाड. सुती कापड सरळच फाटतंय." आणि ते खरं आहे. सुती कापड ताण्याबाण्याच्या रेघेवर फाटतं. कात्रीनं तिरकं जाण्याचा जो धोका असतो तो त्यात नाही. पण ती फाडायचीही कमी. तुकडा जसा असेल तसा ठेवायची, जागेपेक्षा मोठा झाला तर जास्तीचं आत दुमडायची, लहान पडला तर शेजारी आणखी एक. शर्टाच्या काखेतलं वाकडं कात्रण ती असं दुमडायची की वर सरळ चौकोन दिसावा. आमच्या घरी दुमड म्हणजे जाडी, आणि जाडी म्हणजे दोष. ती जाडीला भीत नव्हती. जिथं तुकड्यांवर तुकडे चढतात तिथंच कवंदी ऊबदार होते.

झोळाचं मी विचारलंच. तिनं माझा तळहात तळच्या साडीवर ठेवून आतल्या दिशेनं फिरवला. "टाका झोळ खातोय. बारीक टाका घाल, खाऊ दे त्याला." मला ते बसल्या जागी कळलं नाही, शिवता शिवता कळलं. आज्जीच्या वाकळेत वर एकसंध लुगडं असतं. त्याला कुठंतरी जास्त व्हायला वाव असतो आणि ते जास्तीचं ढकलायला जागा लागते. इथं वरचं कापड एकसंध नाहीच. सुई पोचेल तेव्हा तुकडा येतो, आणि काही जास्त असेल तर त्याच्या दुमडीत जिरतं. राहिला तळ, तो प्रत्येक बारीक टाक्याबरोबर कणाकणानं आखडतो. म्हणून तर कवंदीला ती सुरकुतलेली, हाताला लागणारी कांती येते. आज्जी तिच्या कापडापुरती बरोबर होती. मावशीचं कापड वेगळं होतं. अख्खं लुगडं जिच्याकडं आहे तिचं शास्त्र आणि जिच्याकडं नुसती कात्रणं आहेत तिचं शास्त्र एक कसं असेल? ज्यांना अख्खं काहीच मिळालं नाही अशा बायकांनी तुकड्यांवरून विचार करत करत ही रीत बसवली आहे, आणि शिवणकामाची कारागिरी म्हणून मी ती आमच्या वाकळेच्या वर ठेवते. घरच्यांना हे रुचत नाही. पण दोन्ही रीती हातानं शिवून पाहिल्यावरचं हे मत आहे.

या रीतीत आणखी एक मोठा गुण आहे. सुरुवातीला काहीच ठरवावं लागत नाही. चित्र नाही, आखणी नाही, सगळे तुकडे आधी मांडून बघणं नाही. रिकामा सोपा नको, मदतीला तिघीचौघी नकोत. मांडीवर मावेल तेवढंच काम असतं. पोर पाळण्यात, चुलीवर भात, आणि मध्ये सापडलेल्या वेळात एक तुकडा. शेतावर दिवसभर राबून आलेल्या बाईला हेच परवडतं. रंगाचा निर्णयही त्या त्या क्षणाचा. मी दोन निळे शेजारी लावले की मावशी हातातला तुकडा काढून घ्यायची आणि पिवळा द्यायची. का, हे सांगायची नाही. पुढं पुढं मीच निळ्यानंतर पिवळा शोधू लागले.

शेवट फुलांचा. चिंध्यांचे लहान चौकोन दुमडून त्रिकोण करायचे, वेगवेगळ्या रंगांचे तीनचार एकावर एक रचायचे आणि प्रत्येक कोपऱ्यावर टोक बाहेर काढून शिवायचे. ही फुलं. त्यांचा उबेशी संबंध नाही, टिकण्याशी नाही. फुलांची पाळी आली त्या दिवशी सूर्य मावळत आला होता, मला गाडी गाठायची होती, म्हणून मी म्हटलं की फुलं राहू देत. सिद्दी बायका यावर जे म्हणतात तेच तीही म्हणाली, की फुलं नसली तर कवंदी नागडी दिसते. मी त्या रात्री तिच्याकडेच राहिले. कंदिलाजवळ बसून तिनं दोन कोपरे केले आणि मी दोन. जेवायला नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी होती. तिनं मला तिची स्वतःची कवंदी पांघरायला दिली आणि आपण घोंगडं घेतलं. त्या घरात मी पाहुणी म्हणून आत निजले होते. आमच्या घरी तिची जागा कुठं होती, ते सारखं मनात येत राहिलं.

आता या गोधड्यांना जगात मान आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री ड्र्यूअल यांनी या भागात येऊन त्यांचा अभ्यास केला, सिद्दी बायकांची सहकारी संस्था उभी राहायला हातभार लावला, आणि २०११ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये कवंद्यांचं प्रदर्शन भरलं. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा इतिहास जपणारं ते ठिकाण. गोव्याच्या धक्क्यावर ज्यांना उतरवलं त्यांच्या लेकीसुनांच्या हातचं काम तिथं भिंतीवर लागलं, याचा मला माझ्या घरातलं काही लागल्याइतका आनंद झाला. परदेशातल्या गोधडी शिवणाऱ्या बायकाही आता या रीतीनं शिवतात. रीत पसरावी, त्यात वाईट काहीच नाही. पण पसरताना ती कुणाची हे गळून पडतं, आणि नुसतं 'कडेकडून शिवायचं तंत्र' उरतं, तेव्हा मला राग येतो. विकत आणलेल्या माणसांची नावं एकदा पुसली गेली होती. त्यांच्या हातच्या कामावरचं नावही पुसू नये.

कोल्हापुरात काही बायका माझ्याकडं शिकायला येतात. मी शिकवते, पण सुई हातात देण्याआधी हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ही नावं त्यांना ऐकावी लागतात, आणि सिद्दी तिथं कसे आले तेही. दोघीतिघींना कंटाळा येतो, येऊ दे. मी शिवलेली कवंदी मी विकत नाही. कुणी मागितली तर सिद्दी बायकांकडून घ्या म्हणते, त्यांनी सांगितलेल्या किमतीला, घासाघीस न करता.

हे फिटणारं देणं नाही, हे मला कळतं. आमच्या वडिलांनी तिला दिलं ते आमच्याकडं उरलेलं होतं. तिनं नेलं नसतं तर बंबात गेलं असतं. तिनं आणून दिलं ते तिच्या डोळ्यांतलं, बोटांतलं आणि रात्रींतलं होतं. दोन्हीकडं कापड तेच असलं म्हणून दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत. माझ्या वडिलांना शेवटच्या काळात त्यांचं गाव त्यांच्या अंगावर परत मिळालं, ते तिच्यामुळं. आणि मला उतारवयात एक नवी विद्या मिळाली, ज्या वयात लोक बाईला नवीन काही शिकवायचं सोडून देतात.

म्हणून जमेल तसं कापड पोचवते. तेही आता सोपं राहिलेलं नाही. टेलरकडं गेलं तर कात्रणांत बहुतेक पॉलिस्टर. सुई त्यातून नीट जात नाही, दुमड बसत नाही, टाका घसरतो. पोलकी शिवणाऱ्या बायकांकडून खणाचे आणि सुती अस्तरांचे तुकडे मागून घेते, जुन्या सुती साड्या ओळखीपाळखीत सांगून ठेवते, धुऊन, ताणून, एकेक पारखून बांधते. पायरीवर बसून ती जे करायची तेच.

गेल्या थंडीत गेले तेव्हा मावशीला दिसायला कमी झालं होतं. नातसून सुया ओवून एका चिंधीत टोचून ठेवते आणि मावशी हातानं चाचपून शिवते. ओळी अजून सरळ. नातसुनेला दिवस गेलेत, तिच्यासाठी लहान कवंदी मांडीवर होती. मी गाठोडं सोडलं आणि बऱ्याच वर्षांचं मनातलं विचारून घेतलं, की मावशी, तुझं मी काय देणं लागते, ते एकदा सांग.

"मास्तरानं कधी हिशेब धरला न्हाई," ती म्हणाली, "मी धरला न्हाई. तू कशाला धरूलीस?"

मग तुकडे एकेक करून चिमटीत ताणून बघायला लागली. नातसून शेजारी बसून रंग सांगत होती. तिसराचौथा तांबडा आला तेव्हा मावशीनं तो माझ्याकडं परत सरकवला. "तांबडं लई झालं. पुढल्या खेपेला हिरवं आण, आणि बाळाच्या अंगाला लागणार हाय, तवा धुतलेलं, मऊ झालेलं बघून आण."